उर्दूत शिकलेला अभियंता : माझे दादाजान

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी लिहिण्याची सूचना आली, तेव्हा शिक्षण हा विषय ठरलेलाच होता. त्या विषयाचा विचार करताना डोळ्यांसमोर उभे राहिले ते आमचे मरहूम दादाजान. ते मोठे गृहस्थ नव्हते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साधे अभियंता होते. परंतु मराठवाड्याच्या इतिहासातील एक पर्व त्यांच्या आयुष्यातून वाहून गेले, म्हणून हा प्रपंच.

हैदराबाद येथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता. पाठ्यपुस्तके तयार करण्यासाठी आदल्याच वर्षी भाषांतर विभाग सुरू झाला होता. १९२९ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि पुढे काही वर्षांनी दादाजान औरंगाबादहून तेथे दाखल झाले. त्रिकोणाला ‘मुसल्लस’ आणि कोनाला ‘जाविया’ म्हणत ते बांधकामाचे गणित शिकले. नवाब अली नवाज जंग हे त्या पिढीचे आदर्श होते. १९२३ ते १९३१ या काळात त्यांच्या देखरेखीखाली मांजरा नदीवर निजामसागर बांधला गेला. दादाजान त्यांचे नाव नेहमी अदबीने घेत.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामी राजवट संपली. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. १९५६ साली भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. हळूहळू कचेरीचे टिपण मराठीत आले. दादाजान मराठी उत्तम बोलत. परंतु लिहिणे हातात नव्हते. ज्यांच्या हाताखाली शेकडो मजूर काम करीत, त्या माणसाला साधा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे. घरातील काही मंडळी म्हणत, “आता नोकरी सोडा, ही बेइज्जती कशाला?” त्यांचे काही सोबती तर केव्हाच सरहद्दीपलीकडे गेले होते.

दादाजान गेले नाहीत आणि त्यांनी नोकरीही सोडली नाही. माझ्या फुफी तेव्हा प्राथमिक शाळेत होत्या. रात्री कंदील लावून दादाजान त्यांच्याच पाटीवर बाराखडी गिरवीत. लेक शिकवी आणि बाप चुके. कोणी हळहळ व्यक्त केली की ते म्हणत, “माझ्या वर्गातल्या मराठी मुलांनी घरची भाषा बाजूला ठेवून उर्दूतून शिक्षण घेतलं. तेव्हा त्यांचा त्रास मला दिसला नाही. आता तेच ओझं माझ्या डोक्यावर आलंय, तर तक्रार कोणत्या तोंडानं करू?” हा न्याय त्यांनी स्वतःच स्वतःला लावला होता.

नोकरीची अखेरची वर्षे पैठणला गेली. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे ते मातीचे धरण! पोटात काळी चिकणमाती, बाहेर मुरूम. थरावर थर टाकायचा, बेताचे पाणी मारायचे आणि रोलरने दाबायचा. एखादा थर कच्चा निघाला तर दादाजान तो उकरायला लावीत. तपासणीचे शेरे ते आता स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहीत. अक्षर मोठे, लहान मुलासारखे होते. परंतु अर्थ चोख.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा ते निवृत्त झाले होते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. नंतर एकदा ते आम्हा नातवंडांना नाथसागर दाखवायला घेऊन गेले. आम्ही आनंदाने ओरडलो. ते मात्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “या पाण्याखाली लोकांची गावं आहेत, हे विसरू नका.”

सुट्टीत ते आम्हाला पाणचक्कीवर नेत. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवर चढून खाली कसे पडते, हे आम्हाला नवल वाटे. ते समजावीत, “उगम उंचावर असला की पाणी मधले खड्डे ओलांडून पुन्हा वर येतं. फक्त नळ कुठं फुटता कामा नये.”

आज औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. दादाजानही नाहीत. फुफींनी ती पाटी मात्र जपून ठेवली आहे. आपल्या शाळांतील एखादा विद्यार्थी भाषेच्या भीतीने मागच्या बाकावर जाऊन बसतो, तेव्हा मला ती पाटी आठवते. उर्दू आपली आहे, मराठीही आपलीच आहे. चाळिशी उलटलेला एक अभियंता लेकीपुढे पाटी घेऊन बसू शकला. मग आपल्या मुलांनी कशाला कचरावे?

अल्लाह दादाजानना जन्नत नसीब करो. आमीन.