बरोबरी नाकारलेला संघ

१४ जून १८७०, दुपारचे तीन वाजत आलेले. ब्रुकलिनच्या कॅपिटोलाइन मैदानावर मुंगी शिरायला जागा नाही. सिनसिनाटीचे रेड स्टॉकिंग्ज आलेत: मागच्या वर्षी ५७ सामने, हार एकही नाही. सगळ्या खेळाडूंना उघड पगार देणारा हा पहिलाच बेसबॉल संघ. शॉर्टस्टॉप जॉर्ज राइटला हंगामाचे १,४०० डॉलर, कप्तान असलेल्या थोरल्या भावाला, हॅरीला, १,२००. नांदेडच्या उमरी-भोकरकडे टेनिस बॉलच्या स्पर्धेत बाहेरगावचा बॉलर पैसे देऊन उतरवला की सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. अमेरिकेतही तसंच चालायचं. सिनसिनाटीने ते वहीत मांडलं.

पुढचे तास डावांनीच मोजावे लागतील.

तिसरा डाव. सिनसिनाटी ३, ब्रुकलिनचे अ‍ॅटलांटिक्स ०.

सहावा. अ‍ॅटलांटिक्स ४–३ पुढे.

आठवा. ५–५. नवव्यात धाव नाही.

इथे सामना संपला असता. अ‍ॅटलांटिक्सचा कप्तान बॉब फर्ग्युसन बरोबरीवर खूश होता, लोक मैदानात उतरले होते. हॅरी मात्र हटून बसला. निवाड्यासाठी हेन्री चॅडविकला गाठलं. तो नियमांचा जाणकार पत्रकार. त्याने खेळायला सांगितलं.

दहावा. अ‍ॅटलांटिक्सचे दोघे बेसवर. सोपा झेल जॉर्जच्या हातात येतो आणि तो मुद्दाम सोडतो. दोघांना पळणं भाग पडतं, दोघेही बाद! अशा लबाडीला आडकाठी करणारा नियम त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला.

अकरावा. सिनसिनाटी ७–५. मग अ‍ॅटलांटिक्सचा चार्ली स्मिथ बेसवर, पाठोपाठ त्यांच्याच जो स्टार्टचा फटका थेट उजवीकडच्या गर्दीत. सिनसिनाटीचा उजवीकडचा क्षेत्ररक्षक मॅकव्ही चेंडू शोधत असताना एक प्रेक्षक त्याच्या पाठीवर चढला म्हणतात; पराभूतांना अशी कथा लागतेच. ७–६. फर्ग्युसन चक्क डाव्या हाताने खेळायला उभा राहतो, चेंडू जॉर्जकडे जाऊ नये म्हणून. ७–७. शेवटी अ‍ॅटलांटिक्सच्या झेटलाइनचा फटका सिनसिनाटीच्या पहिल्या बेसवरच्या गूल्डकडे. तो चेंडू नीट अडवत नाही, दुसऱ्या बेसकडची फेकही भरकटते. फर्ग्युसन होम बेस गाठतो. ८–७.

सिनसिनाटी क्लबच्या चॅम्पियन आडनावाच्या अध्यक्षाने तारेने गावाला कळवलं: हरलो, पण नाक कापलं नाही.

त्या वर्षी हारी सहाच. पण अजिंक्यपणा बघायला येणारी गर्दी ओसरली, खेळाडूंच्या मागण्या वाढल्या. ऑगस्टमध्ये चॅम्पियन पायउतार झाला, नोव्हेंबरमध्ये क्लबने जाहीर केलं की पुढच्या वर्षी पगारी संघ नाही. हॅरी, जॉर्ज, गूल्ड आणि मॅकव्ही बोस्टनला गेले, संघाचं नावही घेऊन गेले. हॅरीचा हट्ट मला पटतो. संघ बुडवला तो हिशेबाने, गूल्डच्या फेकीने नव्हे.