दोन रंगांची गोधडी

बँकेतल्या कारकुनाने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये, हे मला मान्य आहे. आमचं काम संध्याकाळी शिल्लक जुळवण्याचं. पण गेल्या भाऊबिजेला पुण्याची भाची धाडला आली, माळ्यावर चढली, आणि ट्रंकेतून आमच्या आजीची गोधडी घेऊन उतरली.

पांढरी आणि निळी. तिसरा रंग औषधालाही नाही. भाची डिझाइनचा कोर्स करते. गोधडीभोवती एक प्रदक्षिणा घालून ती म्हणाली, "मामा, किती मॉडर्न! दोनच रंगांत भागवायला हिंमत लागते."

महिन्याच्या शेवटी दोनच भाज्यांत भागवायला लागते ती हिंमत मला ठाऊक होती, ही नवीन. मग तिने मोबाइलवर अमेरिकेतल्या गोधड्या दाखवल्या. अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या जुन्या विजारी जोडून शिवलेल्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. आमच्या गोधडीवर एकदा मांजर व्यायली होती. तिचा जाहीर सन्मान तेवढाच.

मी वाचायला बसलो. पूर्वी सुती कापडाला पक्का रंग देणारे जिन्नस मोजकेच होते. निळा निळीच्या झाडाचा, लाल आलीच्या मुळांचा. बाकी कापूस देवाने दिला तसा पांढरा. १८५६ साली पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा लंडनला क्विनाइन करायला गेला आणि त्याच्या हातून जांभळा रंग झाला. पुढे १८९७ साली जर्मन कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि शेतातली नीळ बसली. बघा, त्याची चूक झाली तर जगाला रंग मिळाले. आमची कॅशमध्ये चूक झाली तर तोंडाचा आहे तोही रंग जातो.

आणखी एक गंमत सापडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली. त्या युद्धाने जीज बेंडच्या बायकांच्या पणज्या गुलामीतून सुटल्या, आणि तिकडचा कापूस अडल्यामुळे आमच्या वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. इतका, की १८७० साली खामगावपर्यंत रेल्वे आली आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कापूस गाडीत बसून विलायतेला गेला. पिकवणारा जुन्या लुगड्याच्या गोधडीत राहिला.

हे सगळं मी मोठ्याने सांगत होतो. आत्या वाती वळत ऐकत होती.

"काहून रे, ते रंग निवडले कोणी?" ती म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळातली गोधडी ती. मी दहा वर्षांची होते. माय दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आन् रात्री कंदिलापाशी टाके घालायची. घरात फाटलेलं दोनच होतं. बाबांचं धोतर आन् तिचं निळं लुगडं. तिसरं असतं तर घातलं नसतं का?"

भाचीने मोबाइल खाली ठेवला. त्या दुष्काळी कामांतूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, हे मला माहीत होतं. पण त्या कामावरच्या बाईच्या गोधडीत मी दहावीपर्यंत झोपलो, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग मीही ठरवलं, दोन रंगांची गोधडी शिवायची. बँकेतले माझे पांढरे शर्ट आणि सौभाग्यवतीची निळी सुती साडी. नायलॉनची चालत नाही. एक तर ती सरकते, शिवाय ऊब धरत नाही. ती साडी बोहारणीला जायची होती. तिच्याकडून पूर्वी आलेली चार पातेली चार कोपऱ्यांवर वजन म्हणून ठेवली, खाली साडी, मधे जुनी चादर, वर उसवलेले शर्ट, आणि कडेपासून धावदोरा सुरू केला. शिवणकामाचा मला अनुभव आहे. उमेदवारीत मी व्हाउचरचे गठ्ठे दाभणाने शिवलेले आहेत. आत्याने ओळ पाहिली.

"या टाक्यात पायाचं बोट अडकंल," ती म्हणाली, आणि सुई काढून घेतली.

आजीची गोधडी आता माळ्यावर जात नाही. तिच्या एका कोपऱ्यात टाके वाकडेतिकडे झाले आहेत. भाची म्हणते, ते डिझाइन आहे. आत्या म्हणते, तिथे कंदिलातलं रॉकेल संपलं.

मी हिशेबातला माणूस. मी आत्याची नोंद ग्राह्य धरली आहे.