एम्युलेटर सुरू का होत नाही? एका एररच्या पोटातली साठ वर्षं

आजचा भाग एका ओळीवर आहे. अँड्रॉइड स्टुडिओत हिरवा त्रिकोण दाबला, बराच वेळ काहीतरी गोल गोल फिरलं, आणि खाली कोपऱ्यात उमटलं: 'द एम्युलेटर प्रोसेस फॉर एव्हीडी हॅज टर्मिनेटेड.' बस्स. का, ते सांगत नाही. मग लोक काय करतात? स्टुडिओ काढून टाकतात, परत डाउनलोड करतात, परत टाकतात. दिवसाचा डेटा संपतो आणि ओळ तीच.

माझं मत विचाराल तर या ओळीवर उपाय शोधायचा असेल तर आधी तिचा इतिहास बघावा. कारण एम्युलेटर बंद पडण्याची जी चार-पाच कारणं आहेत, ती वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या निर्णयांतून आलीत. वर्ष कळलं की स्क्रू कुठला फिरवायचा ते कळतं.

सुरुवात फोनपासून नाही, खोलीएवढ्या यंत्रांपासून. ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमनं सिस्टिम/३६० जाहीर केला. अडचण अशी, की गिऱ्हाइकांकडे १४०१, ७०७० असे आधीचे संगणक होते. त्यांच्यावर वर्षानुवर्षं लिहून घेतलेले प्रोग्रॅम होते आणि नव्या यंत्राला ती भाषाच कळत नव्हती. नुसत्या सॉफ्टवेअरनं जुन्या यंत्राची नक्कल केली, तर काम रखडायचं. मग नकलेचा काही भाग मायक्रोकोडमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या अगदी पोटात, नेला गेला. वेग एकदम वाढला. आयबीएमच्या लॅरी मॉस यांनी या प्रकाराला 'एम्युलेटर' हे नाव दिलं. म्हणजे नुसतं सोंग घेणारा नव्हे, बरोबरी करणारा. एवढं एक लक्षात ठेवा: सॉफ्टवेअर एकटं असलं की रखडतं, हार्डवेअरनं हात दिला की पळतं. पुढची सगळी गोष्ट यावरच आहे.

आता मुंबईत या. १९७४. त्या काळी परदेशातून संगणक आणायचा म्हणजे परवाना, आणि त्याच्या बदल्यात सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन आणायची अट. एफ. सी. कोहली यांच्या टीसीएसला बरोज कंपनीचं काम मिळालं: रुग्णालयाची एक माहिती प्रणाली बरोजच्या मध्यम संगणकांच्या कोबोलमधून लहान संगणकांच्या कोबोलमध्ये न्यायची. कोबोल एकच, पण बोली दोन. आपल्या वऱ्हाडी आणि पुणेरीसारखं समजा. गंमत अशी, की हे काम मुंबईत झालं ते बरोजच्या यंत्रावर नाहीच, आयसीएल १९०३ या तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावर! ही टीसीएसची पहिली सॉफ्टवेअर निर्यात मानतात. याला एम्युलेटर म्हणता येणार नाही, ते भाषांतर होतं. पण प्रश्न तोच: ज्या यंत्रासाठी लिहायचं, ते यंत्र आपल्यापाशी नाही. मला वाटतं, आपल्याकडच्या सॉफ्टवेअरची सुरुवातच या अडचणीतून झाली, आणि हे कुणी फारसं शिकवत नाही.

अँड्रॉइडचंही तसंच. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलनं डेव्हलपर लोकांना एसडीके दिलं. पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-१, बाजारात आला ऑक्टोबर २००८ मध्ये. म्हणजे जवळजवळ वर्षभर सामान्य डेव्हलपरसाठी अँड्रॉइड होता तो फक्त एम्युलेटरमध्ये. त्याच्या आत होता क्यूईएमयू, फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरनं २००३ मध्ये लोकांसमोर ठेवलेला. फोनचा प्रोसेसर एआरएम, लॅपटॉपचा इंटेल. त्यामुळे क्यूईएमयूला फोनची प्रत्येक सूचना इंटेलच्या भाषेत बदलावी लागायची. चालायचं, पण चहा करून यावा इतकं हळू.

उपाय निघाला २०१२ मध्ये. भाषांतर करण्यापेक्षा अँड्रॉइडच इंटेलसाठी बांधा आणि तो थेट प्रोसेसरवर चालवा. पण एका संगणकात दुसरा संगणक थेट चालवायला प्रोसेसरची साथ लागते. कोणत्या यंत्रात हे नीट जमेल, याच्या अटी पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी मांडल्या होत्या, योगायोगानं १९७४ मध्येच. इंटेलची एक्स८६ घराणी त्या अटींत बसत नव्हती. शेवटी २००५ मध्ये इंटेलनं व्हीटी-एक्स आणलं, पुढच्या वर्षी एएमडीनं स्वतःची सोय दिली.

इथे आपलं पहिलं कारण सापडतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सोय असते, पण बायोसमध्ये बंद असते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, त्यात सीपीयू. 'व्हर्च्युअलायझेशन' पुढे 'डिसेबल्ड' दिसलं तर स्टुडिओला हात लावू नका. लॅपटॉप सुरू होताना एफ-२, एफ-१० किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे जे असेल ते दाबा, बायोसमध्ये जा आणि चालू करा. एएमडीमध्ये याला 'एसव्हीएम मोड' म्हणतात. नाव वेगळं म्हणून पोरं तिथूनच परत येतात.

दुसरं कारण जास्त किचकट. व्हीटी-एक्स वापरायला विंडोजवर इंटेलचा हॅक्सम नावाचा ड्रायव्हर होता. त्याच २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही घरगुती संगणकांवर आला. दोघांना तीच किल्ली हवी, आणि एकानं घेतली की दुसरा दाराबाहेर. एएमडीवाल्यांना तर हॅक्सम चालायचाच नाही. २०१८ मध्ये 'विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म' आला आणि हे भांडण मिटायला लागलं. २०२३ मध्ये इंटेलनं हॅक्सम बंदच केला. तरी जुने व्हिडिओ बघून 'हॅक्सम टाका' सांगणारे अजून आहेतच. आज 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये जाऊन 'विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म' वर टिक करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. खात्री करायची तर कमांड लाइनवर एम्युलेटरला 'ॲक्सेल-चेक' हा पर्याय द्या. मदत आहे की नाही, ते तो एका ओळीत सांगतो. लिनक्सवाल्यांना केव्हीएम २००७ पासून कर्नेलमध्येच आहे, ते नशीबवान. त्यांना बहुतेक वेळा फक्त परवानगीचा घोळ निस्तरावा लागतो.

तिसरं कारण आमच्याकडचं. मी देऊळघाटचा, बुलढाणा जिल्ह्यातला. गावाकडून 'काहून चालू होत नाही भाऊ?' असा मेसेज आला, की मी आधी विचारतो: लाइट गेली होती का? लॅपटॉप सेकंडहँड, बॅटरी कधीच मेलेली, चार्जर काढला की बंद. एम्युलेटर चालू असताना लाइट गेली, की एव्हीडीच्या फोल्डरमध्ये 'लॉक' नावाच्या फायली तशाच राहतात. ही युनिक्सच्या काळापासूनची सवय: आत कुणी आहे, असं सांगणारी दारावरची पाटी. आतला माणूस निघून गेला, पाटी तशीच. पुढच्या वेळी एम्युलेटर म्हणतो, हा एव्हीडी आधीच चालू आहे. टास्क मॅनेजरमधून उरलेले एम्युलेटर आणि क्यूईएमयू बंद करा, मग त्या लॉक फायली उडवा. अर्धवट स्नॅपशॉट राहिला असेल तर 'कोल्ड बूट' करा. स्नॅपशॉटवरून झटपट उठायची सोय २०१७ च्या अखेरची आहे, आणि लाइट जाण्याशी तिचं अजिबात पटत नाही.

आणि मग चौथं कारण, ज्याला टिक करून उपाय नाही. त्या जी-१ फोनमध्ये रॅम होती १९२ एमबी. आज स्टुडिओ आणि एम्युलेटर मिळून चालवायला गूगल १६ जीबी सांगतं. गावातल्या पोरांकडे ४ जीबी. डिस्क भरलेली असेल तर तेही नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना लिहिता यावं म्हणून निघालेली वस्तू आज फोनपेक्षा महाग मशीन मागते, आणि ज्याच्याकडे ते नाही तो 'आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही' असं समजून सोडून देतो. एकानं तर डिप्लोमाचा प्रोजेक्टच बदलला होता. जमत होतं रे बाबा, रॅम नव्हती.

अशांना मी सरळ सांगतो: एम्युलेटरचा नाद सोडा, खिशातला फोन जोडा. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर' वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरूनही होतं. ४ जीबीच्या लॅपटॉपवर स्टुडिओ तरीही कण्हत चालतो, पण चालतो. फक्त केबल डेटा नेणारी घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर फोन चार्ज होताना दिसतो, लॅपटॉपला मात्र दिसत नाही, आणि अर्धा दिवस त्यातच जातो.