मंदाग्नी

मंदाग्नी हा शब्द आमच्याकडे पूर्वी फक्त वैद्याच्या तोंडी असे. भूक लागेना, पोट जड वाटू लागलं की मंदाग्नी. घ्या हिंग्वाष्टक चूर्ण तुपाबरोबर. आता तोच रोग विजेच्या भांड्यात घालून विकतात आणि त्याला स्लो कुकर म्हणतात. कोरियन मालिकांच्या कृपेने असं एक भांडं पडघ्यात आमच्या ओट्यावरही आलं आहे. सूनबाईंच्या वहीतली कृती अशी: बीफ, सोया सॉस, लसूण, आलं, तिळाचं तेल नि थोडी साखर भांड्यात घालायची आणि आठ तास विसरून जायचं. रताळ्याच्या पिठाच्या काचेसारख्या शेवया मात्र पान वाढायच्या वेळी टाकायच्या; आधी टाकल्या तर बाळाचं खिमट होतं.

अडचण पहिल्याच शब्दाची. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईला अभय मिळालं आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल नि वळूही त्यात आले. म्हणून आमच्याकडे बोकड. यात कोरियाचा अपमान झाला असं कुणी समजू नये. खुद्द तिथल्या चोसन राजांनी बैल कापायला पुन्हा पुन्हा मनाई केली होती. कारण साधं: बैल गेला तर शेत नांगरायचं कुणी? आता, एकच मनाई पुन्हा पुन्हा का करावी लागते, हे जाणत्यांना सांगायला नको. राजा दवंडी पिटवी आणि प्रजा हात धुऊन जेवायला बसे.

मराठी माणसाचा नि कोरियाचा संबंध तसा मालिकांच्या आधीचा. १९५३ साली तिथलं युद्ध थांबलं, तेव्हा मायदेशी परतायला नाखूष असलेल्या कैद्यांवर देखरेख करायला भारताने फौज धाडली. तिचे सेनापती कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष अडून बसले, आमच्या भूमीला यांचे पाय लागता कामा नयेत! शेवटी शिपायांना हेलिकॉप्टरने उचलून न्यावं लागलं. इतकं खर्चिक सोवळं आमच्या आत्याबाईंनीसुद्धा कधी पाळलं नाही.

भांड्याची कुळकथा निराळीच. अमेरिकेतल्या अर्विंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० साली मिळालं, पण कल्पना आईच्या गोष्टीतली. विल्ना शहरातल्या ज्यू वस्तीत शनिवारी विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी तिन्हीसांजेला हंडी भटाऱ्याच्या भट्टीत ठेवून द्यायची, निवत्या भट्टीवर ती रात्रभर शिजे. १९७१ साली तेच यंत्र क्रॉक-पॉट नावाने बाजारात आलं. आमच्या इकडे मात्र कलकत्त्याच्या डॉक्टर इंदुमाधव मल्लिकांनी १९१० च्या सुमारासच इकमिक कुकर काढला होता. तळाशी कोळसे, वर डब्यांची चळत. पेटवून कामाला निघून जावं, परत येईतो वरणभात तयार. सड्याफटिंग माणसाला याहून गुणी बायको मिळणं कठीण, असं तेव्हाचे सडेफटिंग म्हणत असणार.

आमच्या आजीकडे यातलं काही नव्हतं. पाया शिजवायचा म्हणजे रात्रीतून तीनदा उठून ओंडका मागे ओढायचा, निखाऱ्यांवर राख सारायची, झाकणावर पाणी घालायचं. सकाळी आम्ही भुरके मारत असू आणि ती भिंतीला टेकून डुलक्या घेत असे. "म्हातारीला हल्ली फार झोप येते," असं बोटं चाटत घरातले पुरुष म्हणत. नॅक्सनसाहेबांच्या यंत्राने वाचवली ती ही झोप.

पण वाचवली ती विजेच्या भरवशावर. आणि विजेच्या बाबतीत पडघ्याने कुणापुढे मान खाली घालू नये. चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटरची तार तुडवत १९९९ पासून आमच्या इथे येऊन उतरते, दीड हजार मेगावॅट! एका कुकरला दोनशे वॅट धरले तर पंचाहत्तर लाख कुकर एकदम रटरटतील. ती इथे फक्त पाणी पिऊन पुढे मुंबईकडे जाते, एवढंच. भारनियमनाच्या वर्षांत त्या तारांच्या गुणगुणीखाली आम्ही कंदिलाची काच पुसत बसत असू.

सूनबाईंनी ते दिवस पाहिलेले नाहीत. माळ्यावरची शेगडी भंगारात द्यायचं त्यांच्या मनात आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.