शय्याव्रण-प्रतिबंधक गाद्यांचे मूल्यमापन

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, खुब्यावर किंवा टाचेवर पडणारी जखम म्हणजे शय्याव्रण. व्यवहारात तिला बेडसोअरच म्हणतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपले जाते, सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि तेवढा भाग रक्ताअभावी मरतो. रुग्ण पलंगावर खाली घसरताना बसणारी ओढ, घाम-लघवीचा ओलावा, कुपोषण आणि बधिरपणा यांनी धोका वाढतो. बोटाने दाबूनही न हटणारी लाली ही पहिली पायरी, कातडी सोलवटली की दुसरी. चौथ्या पायरीला जखम स्नायू व हाडापर्यंत पोचते.

गाद्या ढोबळमानाने दोन तऱ्हांच्या. फोम किंवा जेलची गादी अंग आत रुतू देते आणि भार जास्त जागेवर पसरवते. पंपावर चालणाऱ्या हवेच्या गादीचे कप्पे आळीपाळीने फुगतात व बसतात, त्यामुळे प्रत्येक जागेला ठरावीक वेळाने उसंत मिळते. हवेची गादी नेहमीच्या गादीवर अंथरायची किंवा तिच्या जागी पूर्ण जाडीची घालायची, असेही दोन प्रकार आहेत.

गादी चांगली हे ठरवायचे कशावरून? अंग आणि गादी यांमध्ये संवेदकांची चादर घालून दाब मोजणे ही सोपी पद्धत. त्यासाठी पाऱ्याच्या 32 मिलिमीटरची मर्यादा वर्षानुवर्षे दाखवली गेली. हा आकडा लँडिस यांनी 1930 मध्ये नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत मोजलेल्या दाबाचा आहे. माकडहाडावरच्या वृद्ध, सुजलेल्या मांसाला तो लावणे चूक आहे. शिवाय सर्वाधिक ताण कातडीवर नव्हे, आत हाडालगत येतो. कोसियाक यांच्या 1959 च्या प्रयोगांतून दाबाइतकाच कालावधीही महत्त्वाचा असल्याचे दिसले होते. म्हणून प्रयोगशाळेतला आकडा गाद्यांची प्राथमिक निवड करायला ठीक. पण माणसांना जखमा कमी झाल्या का, याचे उत्तर वॉर्डातच मिळते.

त्यासाठी रुग्णांना यादृच्छिक पद्धतीने वेगवेगळ्या गाद्या देऊन नव्या जखमा मोजतात. मोजणी सहसा दुसऱ्या पायरीपासून होते, कारण लालीबद्दल निरीक्षकांचे एकमत होणे कठीण. सावळ्या-काळ्या कातडीवर तर लाली नीट दिसतही नाही. तिथे ऊब, कडकपणा आणि दुखरेपणा हाताने चाचपावा लागतो. आपल्याकडच्या वॉर्डांसाठी ही गोष्ट कळीची आहे. दुसरी अडचण अशी की गादी डोळ्यांना दिसते, त्यामुळे कोणाला कोणती मिळाली हे तपासणाऱ्यापासून लपवणे अवघड जाते.

रुग्णालयातील साध्या फोमपेक्षा उच्च प्रतीच्या फोमवर जखमा कमी होतात, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून पुढे आले. खरा वाद हवेच्या गाद्यांचा. ब्रिटनमधील ‘प्रेशर’ चाचणीत (2006) 1,972 रुग्ण होते. वर अंथरायच्या हवेच्या गादीवर 10.7 टक्के, तर पूर्ण जाडीच्या हवेच्या गादीवर 10.3 टक्के रुग्णांना नवी जखम झाली. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. तरीही पूर्ण जाडीच्या गादीवर जखमा उशिरा झाल्या आणि रुग्णालयातला मुक्काम सरासरीने कमी भरला. त्यामुळे एकूण खर्चात तीच स्वस्त पडण्याची शक्यता 80 टक्के निघाली. अंथरायची गादी नको, बदलून द्या, असे म्हणणारे रुग्णही अधिक होते. रुग्णाच्या सोयीचा असा हिशेब ठेवला गेला, हे या चाचणीचे मोठे श्रेय आहे.

‘प्रेशर 2’ मध्ये (2019) 2,029 रुग्णांवर हवेची गादी आणि उच्च प्रतीचा फोम यांची तुलना झाली. हवेच्या गादीवर 6.9 टक्के, फोमवर 8.9 टक्के रुग्णांना जखमा झाल्या. कल हवेच्या बाजूने दिसला, तरी मुख्य विश्लेषणात तो संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. यावरून सरसकट महागडी गादी घेण्याचे समर्थन होत नाही. अतिजोखमीच्या रुग्णांसाठी ती राखून ठेवावी, हे मात्र सयुक्तिक वाटते.

गादी कुठलीही असो, कूस बदलावीच लागते. अमेरिका व कॅनडातील शुश्रूषागृहांत 942 जणांवर झालेल्या ‘टर्न’ चाचणीत (2013) चांगल्या फोमवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. दर दोन तासांचा जुना दंडक यामुळे काहीसा सैलावू शकतो आणि रात्रपाळीच्या सिस्टर-मावशींचे श्रम वाचू शकतात. मात्र कूस बदलूच नये, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. टाच तर गादीच्या भरवशावर सोडूच नये; पोटरीखाली उशी घेऊन ती अधांतरी ठेवतात.

वापरातली झीज हा मूल्यमापनातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. काही वर्षे वापरलेला फोम मध्यभागी दबतो, वरचे आवरण चिरले की ओल आत मुरते. घरी घेतलेल्या हवेच्या गादीचा पंप वीज गेल्यावर थांबतो, हवा उतरते आणि रुग्ण खालच्या फळीवर टेकतो. अशा गादीखाली, माकडहाडाच्या रेषेत, तळहात सारून पाहावा. हाड हाताला लागले तर हवा अपुरी आहे.