नाकाची पारख

अत्तराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक मोगल दरबाराचं, सिनेमानं रंगवलेलं. दुसरं लग्नमांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलींचं. एकीच्या हातात गुलाबदाणी, दुसरीच्या हातात अत्तरदाणी, आणि आपण हात पुढे करून आत जातो. दोन्ही चित्रांत आपण नुसते घेणारे. सुगंध कुणी निवडला, कशावरून निवडला, याच्याशी आपला संबंध नाही. मला मात्र गेली पंचवीसएक वर्षं नेमका त्या निवडण्याचाच नाद आहे. घरात एक लाकडी पेटी आहे, तिच्यात चाळीसेक कुप्या आहेत, प्रत्येकीवर घेतल्याची तारीख चिकटवलेली आहे, आणि ‘एवढं लावणार तरी कधी?’ हा घरच्या मंडळींचा कायमचा प्रश्न आहे. लावण्यापेक्षा हुंगून पाहण्यात, दोन दुकानांच्या वाळ्यांतला फरक ओळखण्यात खरी मजा असते, हे माझं उत्तर त्यांना अजून पटलेलं नाही.

या नादापायी मी जुन्या ग्रंथांच्या वाटेला गेलो आणि तिथे एक गोष्ट ध्यानात आली. आपल्याकडे सुगंधाची पारख ही अत्तराहून कितीतरी जुनी आहे. अत्तर नंतर आलं. नाक त्याच्या आधी तयार झालेलं होतं.

वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांमध्ये ‘गंधयुक्ती’ ही एक कला आहे, म्हणजे सुगंध जुळवण्याची कला. त्या जुळवणीचा सविस्तर हिशेब मिळतो तो सहाव्या शतकातल्या वराहमिहिराकडे. हा मोठा ज्योतिषी. त्याच्या ‘बृहत्संहिते’त ग्रहताऱ्यांपासून घरबांधणीपर्यंत सगळं काही आहे, आणि त्यातच गंधयुक्तीचा एक अध्याय आहे. त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. डोकं पांढरं झालेल्या माणसाला माळ, गंध, धूप, वस्त्र, दागिने यांतलं काहीच शोभत नाही, तेव्हा आधी केसांचं बघा, असं म्हणून हा पंडित थेट कलपाची कृती देतो! मग सावकाश सुगंधाकडे वळतो.

सोळा द्रव्यं घ्या, असं तो सांगतो. त्यांतली काही नावं ऐका : नागरमोथा, वाळा, दगडफूल, नागकेशर, अगरू, दवणा, तगर, धने, चंदन. दगडफूल, नागकेशर आणि धने! आपल्या गोड्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटतं की नाही? या सोळांतली कोणतीही चार निवडायची. अशा चौकड्या किती होतील, याचा आकडा वराहमिहिर स्वतःच देतो : १८२०. गणिताची आवड असणाऱ्यांनी पडताळून पाहावा, अचूक आहे. शिवाय त्या चारांपैकी एकाचा एक भाग, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे तीन, चौथ्याचे चार असं प्रमाण ठेवायचं. कुणाचा एक आणि कुणाचे चार हे बदलत गेलं की प्रत्येक चौकडीतून चोवीस निरनिराळे गंध निघतात. गुणाकार करा, ४३,६८० होतात. या योगाला त्यानं नाव दिलं ‘गंधार्णव’, गंधांचा समुद्र. पुढे तर तो सोळा घरांचा एक चौकोन देतो. प्रत्येक घरात एक द्रव्य आणि त्याचे भाग. आडवे, उभे, तिरपे कोणतेही चार घ्या, भागांची बेरीज अठराच भरते.

आकडेमोड बाजूला ठेवली तरी मला यातला एक बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. ही चार द्रव्यं आपल्या इच्छेप्रमाणे बदलावीत, असं तो म्हणतो. म्हणजे निवड वापरणाऱ्याची. एवढ्या मोठ्या समुद्रातून आपल्याला हवा तो थेंब काढायचा तर नाक शिकलेलंच हवं.

पुढे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ‘मानसोल्लास’ लिहिला. मराठीच्या जुन्या खुणा सापडतात म्हणून हा ग्रंथ आपल्या अभ्यासकांना माहीत असतो. त्यात अंगाला लावायच्या उट्यांसाठी आणि धूपांसाठी स्वतंत्र प्रकरणं आहेत. राजानं खायचं काय, विडा कोणता घ्यायचा, त्याच गांभीर्यानं अंगाला काय लावायचं, याचाही विचार आहे.

पण मला खरा आनंद झाला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांचे लेख वाचताना. गोडे हे विलक्षण गृहस्थ होते. चष्मा, जिलबी, तंबाखू अशा रोजच्या वस्तूंचा इतिहास ते पोथ्यांमधून खणून काढत. १९४०च्या दशकात त्यांनी सुगंधविद्येवरच्या दोन दुर्मीळ ग्रंथांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. एक गंगाधराचा ‘गंधसार’, आणि दुसरा अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’. या दुसऱ्या ग्रंथावर चक्क मराठी टीका आहे! गोडे यांनी तिचा काळ साधारण इ. स. १३५० ते १५५० असा मानला. हे दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं छापून प्रसिद्ध केले. म्हणजे मोगल दिल्लीत येण्याच्या सुमाराला, किंवा कदाचित त्याच्याही बऱ्याच आधी, कुणीतरी सुगंधाच्या कृती मराठीतून समजावून सांगत होता. संस्कृत न येणाऱ्या, पण हातानं काम करणाऱ्या माणसासाठीच हा खटाटोप असणार, असं मला वाटतं. पंडितांना मराठी टीकेची गरज काय?

‘गंधसारा’त सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. द्रव्य भिजवणं, शिजवणं, धुरी देणं, फुलांत मुरवणं असं हे सारं काम. आणि ग्रंथाच्या शेवटच्या भागात द्रव्यांची ओळख व परीक्षा आहे, खरा माल कोणता आणि खोटा कोणता. भेसळ ही काही आजची गोष्ट नव्हे.

आपल्या घरांत ही जुनी परंपरा अजून जिवंत आहे, फक्त आपण तिला अत्तराच्या खात्यात धरत नाही. पंढरीचा बुक्का, देवघरातलं अष्टगंध, दिवाळीचं उटणं ही सारी पुडीतली आणि लेपातली अत्तरंच आहेत.

मग कुपीतलं अत्तर कुठून आलं? फुलं पाण्यात उकळून त्यांची वाफ धरण्याची विद्या अरबांनी फार पुढे नेली. नवव्या शतकातल्या अल् किंदीनं त्यावर पुस्तक लिहिलं. गुलाबपाणी आपल्याकडे मोगलांच्या आधीपासून येत होतं. अकबराच्या दरबारी तर खुशबूखाना नावाचं खातंच होतं आणि अबुल फझलनं ‘ऐन-ए-अकबरी’त सुगंधी द्रव्यांचे भावसुद्धा नोंदवून ठेवले आहेत. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहाननं लावला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. पण जहांगीरनं आपल्या आत्मचरित्रात १६१४ सालच्या हकिकतीत याचं श्रेय दिलंय नूरजहानच्या आईला, म्हणजे स्वतःच्या सासूबाईंना, अस्मत बेगमना. त्या गुलाबपाणी काढत असताना गरम पाणी ताटल्यांत ओतलं की वर एक साय धरते, असं त्यांच्या लक्षात आलं. ती त्यांनी थोडी थोडी करून गोळा केली. तिचा एक थेंब तळहातावर चोळला तर सगळी मैफल दरवळते, असं बादशहा लिहितो. त्यानं सासूबाईंना मोत्यांची माळ दिली, आणि सलीमा सुलतान बेगम यांनी या तेलाला नाव दिलं ‘इत्र-ए-जहांगिरी’. शोध बाईंचा, नाव जावयाचं! युरोपातही गुलाबपाण्यावरच्या या तेलाची नोंद सोळाव्या शतकात झालेली होती, तेव्हा पहिलेपणाचा वाद घालण्यात अर्थ नाही. मला कौतुक आहे ते त्या नजरेचं. गुलाबपाणी करणाऱ्या किती हातांनी ती साय फेकून दिली असेल!

हे शुद्ध तेल म्हणजे ‘रूह’. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन-चार टन फुलं लागतात. ते परवडणार कुणाला? हिंदुस्थानी कारागिरांनी यावर तोड काढली, आणि माझ्या मते आपल्या अत्तराचा सगळा जीव या तोडीत आहे. उत्तर प्रदेशातल्या कनौजला आजही हे काम चालतं. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीनं लिंपून बंद करतात, खाली लाकडं नाहीतर शेण्या पेटवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. हा भपका म्हणजे लांब मानेचं तांब्याचं भांडं, थंड पाण्याच्या हौदात बुडवलेलं. आणि त्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. फुलांचा वास त्या चंदनात मुरतो. खाली बसलेलं पाणी काढून पुन्हा डेगेत घालायचं, दुसऱ्या दिवशी नवी फुलं, पण चंदन तेच. असं कित्येक दिवस. आच किती, हे कारागीर हात लावून ठरवतो. शेवटी उरलेला ओलावा जाण्यासाठी अत्तर चामड्याच्या कुप्यात भरून ठेवतात.

जमिनीचंही अत्तर कनौजला निघतं. भाजलेल्या मातीची ढेकळं अशीच डेगेत घालून काढलेलं ‘मिट्टी अत्तर’, पहिल्या पावसाचा वास. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी या वासाचा अभ्यास ‘नेचर’मध्ये छापला, त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं, आणि उत्तर प्रदेशातले लोक हा वास चंदनात पकडतात याची नोंदही केली.

म्हणजे चंदन हे अत्तराचं जोतं. आणि तेच आता निसटत चाललं आहे. टिपू सुलताननं १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवलं आणि झाड सरकारचं झालं. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडे जाणारं लाकूड अडकलं, तेव्हा म्हैसूर संस्थानानं, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, १९१६च्या सुमाराला स्वतःच तेल काढायला सुरुवात केली. पण स्वतःच्या शेतातलं झाडही आपलं नाही म्हटल्यावर लावणार कोण? चोरतोड आणि रोग यांनी उरलेलं काम केलं. १९९८ साली चंदनाची नोंद धोक्यातल्या झाडांत झाली. कर्नाटकानं मालकीचा कायदा सैल केला तो २००१ साली. आज अस्सल चंदनतेलाचा किलोचा भाव लाखाच्या वर असतो. साहजिकच भपक्यात लिक्विड पॅराफिन आलं. पॅराफिनला स्वतःचा वास नसतो, ते स्वस्त असतं, आणि फुलांचा वास तात्पुरता धरतंही. कारागिराला मी दोष देत नाही. चंदनातलं आणि पॅराफिनमधलं अत्तर गिऱ्हाईकाला सारखंच वाटत असेल, तर त्यानं पदरचे पैसे का घालावेत? चंदनावर काम करणारी जी थोडी घराणी उरली आहेत, त्यांचा धंदा ओळखणाऱ्या गिऱ्हाइकावरच उभा आहे.

मी स्वतः कसं निवडतो ते सांगतो. दुकानात सकाळी जावं, स्वतःला काहीही न लावता. पहिल्यांदा गुलाब-मोगरा मागू नये, नुसतं चंदन मागावं. चंदन खरं असेल तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. अत्तर काचेच्या काडीनं हाताच्या पाठीवर लावून घ्यावं आणि चोळू नये. एका बैठकीत तीनांहून जास्त नाही. पुढे नाक थकतं आणि सगळंच गोड वाटू लागतं. एक ठिपका टिपकागदावर घेऊन घरी यावं. चंदनतेल सावकाश का होईना उडून जातं, पॅराफिनचा तेलकट डाग काही केल्या जात नाही. हुशार भेसळ या परीक्षेतूनही सुटते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुन्हा हुंगावा. फूल निघून गेलं तरी मागे काहीतरी मऊ, दुधट असं राहिलं पाहिजे.

‘असली कस्तुरी’ म्हणून कुणी गल्ल्याखालून कुपी काढली, तर मात्र सरळ उठावं. कस्तुरीमृगाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बाजारातली कस्तुरी बहुतेक रसायनांची असते, आणि तिचं मूळ १८८८ सालचं आहे. आल्बर्ट बाउर हा रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर प्रयोग करत होता, आणि हाती आला कस्तुरीचा वास!

सध्या माझ्या पेटीत सगळ्यात वर आहे ते दवण्याचं तेल. हाच तो वराहमिहिराच्या यादीतला दवणा, चैत्रात जोतिबाला वाहतात तो. दक्षिणेत त्याची शेती होते आणि तेल परदेशी अत्तरांसाठी जातं. त्याची ख्याती अशी की, ते प्रत्येकाच्या अंगावर वेगळं वागतं. माझ्या हातावर त्याला पिकल्या जर्दाळूचा वास येतो. बायकोच्या हातावर तेच तेल, त्याच कुपीतलं, चहाच्या ओल्या पत्तीसारखं लागलं. अत्तरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘साहेब, दवण्याच्या बाबतीत मी कुणाला सल्ला देत नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातावर लावून बघावं.’