संगणक केंद्रांचे शीतन
संगणकाच्या मंडलांना पुरविलेल्या जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जेचे अखेर उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता सतत बाहेर काढली नाही, तर घटकांचे आयुष्य घटते व गणनक्रिया बंद पडते. त्यामुळे संगणकाच्या विकासाबरोबरच त्याच्या शीतनाचाही विकास होत गेला.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एनिॲक (१९४६) या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. त्याला सुमारे १५० किवॉ. शक्ती लागे व पंख्यांनी हवा खेळवून तो थंड ठेवीत. पुढे मंडलांची घनता वाढल्यावर हवा अपुरी पडू लागली. क्रे-१ (१९७६) मध्ये फ्रिऑन हे प्रशीतक वापरले गेले, तर क्रे-२ (१९८५) ची मंडले विद्युत् निरोधक द्रवात बुडविलेली होती. १९९० नंतरच्या दशकात कमी शक्ती घेणाऱ्या सीमॉस मंडलांमुळे मोठ्या संगणकांतही हवेचे शीतन पुन्हा रूढ झाले.

हवेचे तापमान १०° से. ने वाढू दिल्यास १ किवॉ. उष्णता वाहून नेण्यास ताशी सुमारे ३०० घ.मी. हवा लागते. जुन्या कक्षांत यंत्रांच्या सर्व रांगांची तोंडे एकाच दिशेला असल्याने पुढील रांगेची तप्त हवा मागील रांगेत शिरे. हा दोष झाकण्यासाठी संपूर्ण कक्ष गरजेपेक्षा अधिक थंड ठेवीत व वीज वाया जाई. शीत व उष्ण मार्गिका आलटून-पालटून ठेवण्याच्या मांडणीने हा प्रश्न बराच सुटला. तिचे श्रेय सामान्यतः आयबीएम कंपनीतील रॉबर्ट सलिव्हन यांना दिले जाते (सु. १९९२). रिकाम्या खणांना झाकणे लावणे, फरशीतील फटी बुजविणे व मार्गिका बंदिस्त करणे या साध्या उपायांनी दोन्ही हवा वेगळ्या राहतात. मग पंखे मंद चालविता येतात. पंख्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग ८० टक्क्यांवर आणल्यास ती जवळजवळ निम्मी होते.

शीतनाच्या अमेरिकी अभियंता संस्थेने (ॲश्रे) शिफारस केलेली आत येणाऱ्या हवेची तापमानमर्यादा २००४ मध्ये २०° ते २५° से. होती, २००८ मध्ये ती १८° ते २७° से. झाली. त्यामुळे थंड प्रदेशांत बाहेरील हवेचा थेट उपयोग वाढला. मुंबई परिसराच्या उष्ण व दमट हवामानात मात्र त्यास मर्यादा पडतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांमुळे उष्णतेची घनता पुन्हा वाढली असून द्रवशीतनाकडे कल वळला आहे. [→ वातानुकूलन, संगणक]